सेकंडरी म्हणजे ‘दुसरी फळी’ का?

अमेरिकेतल्या कोलंबस शहरात मुलगी शिकायला असलेल्या एका वाचकाने विचारलंय: तिच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाबद्दल मराठीत लिहिताना ‘यंदा सेकंडरीत डेप्थ आहे, त्यामुळे रोटेशन करता येईल’ हे कसं लिहावं? त्यांनी लिहिलंय, ‘यंदा दुसरी फळी खोल आहे, खेळाडू फिरवता येतील’. पण वाचताना खटकतं म्हणतात.

खटकणारच. मराठीत ‘दुसरी फळी’ म्हटलं की पक्षातले नंबर लागायची वाट बघणारे नेते डोळ्यांपुढे येतात, नाहीतर बडे खेळाडू विश्रांतीवर असताना झिम्बाब्वेला धाडलेला क्रिकेट संघ. त्या शब्दात हुद्दा आहे. सेकंडरीत हुद्दा नाही, मैदानावरची जागा आहे. बचाव करणाऱ्या अकरा जणांत सगळ्यांत पुढे लाइनमन, त्यांच्या मागे लाइनबॅकर आणि त्यांच्याही मागे सेकंडरी: कडेला दोन कॉर्नरबॅक, मध्ये दोन सेफ्टी. मोजायलाच बसलं तर ही तिसरी रांग भरते! आणि मानाचं म्हणाल, तर कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी 1997 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या चार्ल्स वुडसनने नेली, तो मुख्यतः कॉर्नरबॅकच. 2024 ची कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरने नेली, तो कॉर्नरबॅकही आणि रिसीव्हरही (म्हणजे आक्रमणात पळत जाऊन पास झेलणारा). यांना दुय्यम कोण म्हणेल? म्हणून सरळ ‘मागची फळी’ म्हणा, किंवा ‘बचावाची मागची फळी’.

कॉर्नरबॅकला कबड्डीतला ‘कोपरारक्षक’ चालेल का, असाही त्यांचा पोटप्रश्न आहे. शब्द ऐटबाज आहे, पण मी टाळेन. कबड्डीचा कोपरारक्षक चढाईपटूचा घोटा धरायला टपलेला असतो. हा बिचारा रिसीव्हरला सावलीसारखा चिकटून मैदानभर पळतो. कॉर्नरबॅकच राहू द्या.

आता डेप्थ. ‘खोली’ नकोच, संघात खोली आहे म्हटलं तर कोणीतरी भाडं विचारेल. डेप्थ म्हणजे एकेका जागेला तोलामोलाचे दोन-तीन खेळाडू असणं. गंमत अशी की त्यांनी सेकंडरीला वापरलेली ‘दुसरी फळी’ खरी इथे बसते: पहिला थकला, जायबंदी झाला तर उतरणारे ते दुसऱ्या फळीतले.

मागच्या फळीबद्दल बोलताना डेप्थ हा शब्द इतक्यांदा का येतो, हेही कळायला हवं. चार जण म्हणतो खरं, पण समोरच्याने तीन-चार रिसीव्हर उतरवले की लाइनबॅकर काढून मागच्या फळीत पाचवा गडी आणतात. ती ‘निकेल’ रचना, पाच सेंटच्या नाण्यावरून. सहावा आला की ‘डाइम’, कारण दोन निकेल मिळून दहा सेंटचं डाइम होतं. प्रशिक्षक निक सेबनच्या अलाबामा विद्यापीठाच्या संघात या पाचव्या जागेला ‘स्टार’ आणि सहाव्या जागेला ‘मनी’ म्हणत. (ही नावं तशीच ठेवा, पावली-अधेली करत बसू नका.) म्हणजे राखीव म्हणून धरलेला गडी सामन्यात निम्म्याहून जास्त वेळ मैदानावरही असू शकतो. त्यात टार्गेटिंगचा नियम. हेल्मेटच्या माथ्याने धडक दिली किंवा बेसावध खेळाडूच्या डोक्या-मानेवर आदळलं, तर 2013 पासून कॉलेज फुटबॉलमध्ये थेट बाहेर. आणि चूक उत्तरार्धात झाली, तर 2025 पर्यंत पुढच्या सामन्याचा पूर्वार्धही बाकावर जायचा. भरधाव येऊन रिसीव्हरला आडवं करणं हेही सेफ्टीचं काम, त्यामुळे ही कुऱ्हाड त्याच्यावर कधीही कोसळू शकते. मग बाकावरच्या पोराला आयत्या वेळी घाम फुटून उपयोग नाही.

रोटेशनचा अर्थही आपल्याकडे वेगळा रुळलाय. 2012 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तिरंगी मालिकेत धोनीने सचिन, सेहवाग, गंभीर यांना आळीपाळीने बसवलं, तेव्हापासून रोटेशन म्हणजे एका सामन्यात खेळव, दुसऱ्यात बसव. कॉलेज फुटबॉलमधलं रोटेशन एकाच सामन्यात चालतं, हॉकीसारखं: बाहेर गेलेला कितीही वेळा परत येतो. मेख एवढीच, की आक्रमण करणाऱ्या संघाने खेळाडू बदलले तर पंच बचावालाही बदलायला सवड देतात. त्यांनी कोणालाच न बदलता धडाधड खेळायला सुरुवात केली, तर दमलेला कॉर्नरबॅक तिथेच अडकतो. ‘फिरवता येतील’मध्ये यातलं काहीच येत नाही. ‘आलटूनपालटून उतरवता येतील’ म्हणा.

तर वाक्य असं करा: ‘यंदा मागच्या फळीत एकेका जागेला दोन-दोन तोलामोलाचे खेळाडू आहेत, त्यामुळे त्यांना आलटूनपालटून उतरवता येईल.’ लांबलं खरं, पण फुटबॉल न पाहणाऱ्या मावशीलाही कळेल. ‘डेप्थ चार्ट’, म्हणजे एकेका जागेला आधी कोण, मग कोण उतरणार याची यादी, मात्र भाषांतराविना ठेवा. त्यात कधी कधी दोन नावांमध्ये ‘ऑर’ (किंवा) छापलेलं दिसतं. त्याचा अर्थ आधी कोण उतरणार हे प्रशिक्षकाने ठरवलेलं नाही, किंवा ठरवलंय पण समोरच्याला सांगायचं नाहीये.