भिंतीवरची नक्षी आणि लोकरीचं कापड, दोन्हींना एकच शब्द?

तुमच्या इंग्रजी शब्दकोड्यात इमारतीच्या भिंतीवरचा नक्षीचा पट्टा आणि जाड लोकरी कापड, या दोन्हींसाठी एकच शब्द मागितलाय. तो शब्द आहे 'फ्रीझ'. स्पेलिंग एफ-आर-आय-ई-झेड-ई. सहा अक्षरं, म्हणजे तुमच्या शब्दकोड्यातली सहा घरं बरोबर भरतात. उच्चार गोठण्याच्या 'फ्रीझ'सारखाच, त्यामुळे नुसतं ऐकलं तर आधी बर्फच आठवतो.

तुमचा खरा प्रश्न असा की भिंतीचा आणि लोकरीचा संबंध काय. काहीच नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत, आपली मोत्यांची माळ आणि गावाबाहेरचा माळ असावा तसे. आपल्याकडे निदान 'ती' आणि 'तो'वरून उलगडा होतो, इंग्रजीत तीही सोय नाही.

गंमत म्हणजे भिंतीवरच्या फ्रीझचं मूळ शोधत गेलं की कापडच हाती लागतं! आजच्या तुर्कस्तानात पूर्वी फ्रिजिया नावाचा प्रदेश होता. तिथलं भरतकाम इतकं नावाजलेलं की रोमन लोक भरतकाम करणाऱ्यालाच 'फ्रिजिओ' म्हणत. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये भरजरी काठाला शब्द पडला आणि तो फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन इमारतीवर चढला, असं बहुतेक कोश मानतात. पदराचा काठ देवळावर जाऊन बसावा, तसंच हे.

ग्रीक देवळात खांबांवर आडवी तुळई, तिच्यावर फ्रीझ आणि त्याच्यावर कॉर्निस, म्हणजे छपराखालची पुढे आलेली कड, असा क्रम असतो. सगळ्यात प्रसिद्ध फ्रीझ अथेन्सच्या पार्थेनॉन या देवळाचा. जवळपास 160 मीटर लांब, उंची जेमतेम 1 मीटर, आणि त्यात घोडेस्वार, बळीची जनावरं, घागरी घेतलेली माणसं अशी सगळी मिरवणूक. तो इतका उंचावर होता की कारागिरांनी वरच्या भागातलं कोरीवकाम खालच्यापेक्षा जास्त उठावाचं केलं, म्हणजे खालून बघणाऱ्याला नीट दिसावं. आज त्यातला बराच भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने काढून नेलेली ही शिल्पं ब्रिटिश संसदेने 1816 साली विकत घेतली, आणि ग्रीस ती अजून परत मागतोय. मागणारच!

मराठीत याला मी 'शिल्पपट्ट' म्हणतो. आपल्या देवळांच्या जोत्यावर हत्तींची रांग असते तो गजथर, तोही जातीने फ्रीझच, फक्त छपराखाली नसून पायाशी. कर्नाटकातल्या हळेबीडच्या देवळात असे थर एकावर एक रचलेले दिसतात.

आता कापड. फ्रेंचमध्ये केस कुरळे करणं म्हणजे 'फ्रिझे'. जाड लोकरी कापडाच्या एका बाजूची लव उठवून तिला गुठळ्या-कुरळ्या आणत, तोच हा फ्रीझ. आयर्लंडमधल्या शेतकऱ्यांचे कोट याचेच असत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात 'फ्रीझचा कोट' म्हटलं की आयरिश कुळवाडी, हे न सांगता समजायचं. 'अल्स्टर' नावाचा लांब ओव्हरकोटही या कापडाचा शिवत.

एका जुन्या आयरिश कथेचं भाषांतर करताना मी हा कोट 'नक्षीदार' करून ठेवला होता. अंगावर फाटका सदरा, आठवड्याचं भाडं थकलेलं आणि वर नक्षीदार कोट! दुसऱ्या वाचनात खटकलं, म्हणून कोश उघडला तर नोंदी दोन निघाल्या. मग 'घोंगडीचा कोट' लिहावं असं वाटलं, पण घोंगडी म्हटलं की आपल्याला धनगर आणि चिंचोक्याची खळ दिसते, आयर्लंड पुसलं जातं. शेवटी 'जाड्याभरड्या लोकरीचा कोट' एवढंच ठेवलं.

कोड्यात पाचवं घर झेडचं आहे. तिथून उभा जाणारा शब्द एस मागत असेल, तर चूक त्या उभ्या शब्दात शोधा.