पावसाळ्यात सकाळी स्टिअरिंगचा दिवा पेटतो आणि स्टिअरिंग जड होतं, तर अख्खा कॉलम बदलावा का?

तुम्ही लिहिलंय ते असं: छोटी गाडी, दहा वर्षं जुनी. घर गुहागरला, समुद्र हाकेच्या अंतरावर, गाडी उघड्यावर उभी. जूनपासून सकाळी गाडी चालू केली की स्टिअरिंगचं चिन्ह असलेला दिवा पेटतो आणि स्टिअरिंग हलता हलत नाही. बंद करून परत चालू केली की कधी ठीक होतं, कधी नाही. दुपारी ऊन पडलं की काही तक्रार नाही. धोपाव्याला फेरीबोटीत गाडी लावतानाही एकदा असंच झालं. गॅरेजवाल्याने कॉलम, म्हणजे स्टिअरिंगखालचा दांडा त्यावरच्या मोटरसकट, बदलायचे 38 हजार सांगितलेत.

अजून बदलू नका. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या अंगाला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. बंदरावर रोज उभ्या राहणाऱ्या गाड्या हेच माझं गिऱ्हाईक. दमट हवेत येणारा आणि उन्हात जाणारा दोष बहुतेक वेळा कॉलममध्ये नसतो, वायरींच्या जोडणीत असतो.

आधी गाडी चालवण्याबद्दल. स्टिअरिंग फिरवायला मदत करणारी मोटर बंद पडली तरी स्टिअरिंग आणि चाकं यांची लोखंडी जोडणी शाबूत असते, गाडी वळते, फक्त ताकद लागते. वेग असताना कमी, हळू चालताना खूप. चालत्या गाडीत असं झालं तर दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग कमी करा, कडेला घ्या. ‘बंद करून चालू केली की जातं’ हा अनुभव असल्यामुळे लोक चालत्या गाडीतच चावी फिरवतात. ते कधीही करू नका, ब्रेकची मदतही जाते आणि चावी पूर्ण मागे गेली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. दोष सापडेपर्यंत कुंभार्ली घाट उतरू नका. वळणाच्या मध्यावर मदत गेली तर सवय नसलेल्या हाताला ते आवरत नाही.

आता कारण. तुमच्या गाडीत तेलाचा पंप नाही, कॉलमला जोडलेली बॅटरीवरची मोटर आहे. उभ्या गाडीत स्टिअरिंग फुल लॉकपर्यंत, म्हणजे पार टोकापर्यंत, फिरवताना ही मोटर 40-50 अँपिअर सहज ओढते. दोन्ही हेडलाइटचे 55 वॅटचे बल्ब मिळून 9 अँपिअरच्या आसपास घेतात. समजा अर्थच्या, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या, बोल्टखाली गंज आहे आणि तिथे फक्त 0.05 ओहमचा अडथळा तयार झालाय. हेडलाइटला त्यात अर्धा व्होल्टही गमवावा लागत नाही, दिवे लख्ख दिसतात. स्टिअरिंगच्या मोटरचे मात्र 50 अँपिअरला अडीच व्होल्ट तिथेच जातात. मोटर चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, म्हणजे कंट्रोल युनिटला, व्होल्टेज पडलेलं दिसतं, ते मदत बंद करून दिवा लावतं.

‘पण सेल्फ तर एका झटक्यात मारतो, मग बॅटरीचा दोष कसा?’ हे मला रोज ऐकायला मिळतं. बऱ्याच छोट्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवरून दोन वायरी निघतात, जाडी वायर गिअरबॉक्सवर आणि बारीक वायर बॉडीवर. सेल्फ जाड्या वायरीवर चालतो, स्टिअरिंग बॉडीवरच्या. त्या बॉडीच्या बोल्टकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही आणि खारं वारं पहिलं तिथेच बसतं. पितळेच्या भांड्याला कळंक चढतो तसा वायरीच्या टोकाला असलेल्या तांब्याच्या कडीवर, म्हणजे लगवर, हिरवा थर येतो. रात्रभर त्यात ओल धरते, ऊन पडलं की सुकते. तुमच्या सकाळ-दुपारच्या फरकाचा मला हाच अर्थ वाटतो.

घरी बघायला एक साधा मल्टिमीटर पुरे. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या जवळ हवी. 12.2 च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करून तपासून घ्या. इंजिन चालू केल्यावर 13.8 ते 14.5 दिसायला हवेत, नाहीतर अल्टरनेटर बघा. मग खरी चाचणी, आणि तीही सकाळीच, दोष हजर असताना. दुपारी करून काही दिसणार नाही. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना चिरे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा, क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावरच. लाल पिन बॉडीच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. घरच्या कुणाला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. आकडा 0.2 च्या आत राहिला तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर चोर सापडला.

बोल्ट उघडायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. लग आणि बॉडी दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली लावून मग आवळू नका. लग आतून काळी पडली असेल तर घासत बसू नका, नवी वायर टाका, फार खर्चाचं काम नाही. बॅटरी जोडल्यावर काही गाड्यांत दिवा तसाच राहतो. स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवलं की बऱ्याचदा जातो, काहींना स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लावावा लागतो.

अर्थ चांगला निघाला तर पुढे स्टिअरिंगचा मोठा फ्यूज आणि त्याची बैठक बघा. मग डॅशबोर्डखाली कंट्रोल युनिटचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग. पिनांवर हिरवं किंवा पांढरं दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. तिथे पिवळ्या रंगाच्या कपलरला हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. पावसात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात, कुरतडलेली वायरही शोधा. एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही सोबत लागत असेल तर चाकाकडून येणारा वेगाचा सिग्नल तुटतोय असं समजा.

फेरीबोटीतला प्रकार वेगळा असू शकतो. जागा कमी म्हणून पाच-सहा वेळा लॉक टू लॉक फिरवलं की मोटर तापते, युनिट तिला वाचवायला मदत कमी करतं. थंड झाल्यावर आपोआप ठीक होतं. तो बिघाड नव्हे.

मी हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका मासेवाल्या काकांची गाडी अशीच आली. स्कॅनरवर टॉर्क सेन्सरचा, म्हणजे स्टिअरिंगवर हाताचा जोर किती ते मोजणाऱ्या कॉलममधल्या भागाचा, कोड होता, मी कोडवर विश्वास ठेवला आणि कॉलम बदलायला सांगितला. त्यांनी पैसे उभे केले, कॉलम बदलला, चौथ्या दिवशी सकाळी दिवा परत हजर. दोष बॉडीच्या अर्थला निघाला, दहा मिनिटांचं काम. मजुरी मी परत केली, कॉलमचे पैसे मात्र गेले ते गेलेच. तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय मी कुठल्याही गाडीचा कॉलम उतरवत नाही.

कॉलम खरंच जातोही. व्होल्टेज, अर्थ, कपलर सगळं नीट असूनही टॉर्क सेन्सरचा कोड पुसल्यावर लगेच परत येत असेल, किंवा हात सोडल्यावर स्टिअरिंग स्वतःहून एका बाजूला ओढत असेल, तर मग खर्च करा. कोड वाचायला मोबाइलला जोडायचं स्वस्त यंत्र घेऊ नका, त्यातली बरीच फक्त इंजिनचे कोड दाखवतात. आणि पुसण्याआधी कोड लिहून घ्या. गाडी जुनी घेतलेली असेल तर 22 जुलै 2021 ला ती चिपळूणच्या पुरात होती का, हेही विचारा. डॅशबोर्डपर्यंत पाणी गेलेल्या गाडीत युनिट आतून खराब झालेलं असू शकतं, तिथे बाहेरची सफाई कामाची नाही.

उद्या सकाळी मीटर लावा आणि तिन्ही आकडे इथे खाली लिहा: बंद गाडीचा, चालू गाडीचा आणि स्टिअरिंग फिरवतानाचा. ते बघून पुढचं सांगतो.