केबिन परवडेल, पण आधी ती ‘एफडी’ बघू

चिपळूणच्या एका वाचकांचं पत्र आलंय. एसटीच्या वर्कशॉपमधून मे २०२४ मध्ये, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर निवृत्त झाले. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून मुलगा, सून आणि दोन नातवंडं येणार आहेत. सगळ्यांनी मिळून दोन रात्री धामापूरच्या तलावाजवळ आणि एक रात्र आंबोलीला लाकडी केबिनमध्ये राहायचं, असा बेत आहे. दोन केबिन, तीन रात्री, एकीचे रात्रीला ४,५०० म्हणजे २७,०००. गाडीचे १२,०००, खाण्यापिण्याचे ९,०००. एकूण ४८,०००. ‘या वयात एवढा खर्च बरा दिसतो का? एखादी छोटी एफडी मोडू का?’ असा त्यांचा प्रश्न.

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, हे वाक्य: ‘तसे डिसेंबरात मोठ्या एफडीचा दुसरा हप्ता गेला की साठ हजार येणारच आहेत, सहल त्यातूनच निघेल असे बँकेतल्या मॅडम म्हणाल्या.’

एफडीला हप्ता नसतो.

मी कागदांचे फोटो मागवले. भीती होती तेच निघालं. ती विमा पॉलिसी आहे. वर्षाला ३ लाख, दहा वर्षं भरायचे. विमा मुलाच्या आयुष्याचा, हप्ता तुमच्या खात्यातून. म्हणजे उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनींच्या हाती पैसे येणार नाहीत, हप्ता येईल. पहिला हप्ता डिसेंबर २०२४ मध्ये गेलाय, म्हणून आता ३ लाख अडकलेत आणि बँकेत १९ लाख उरलेत.

आता हिशेब करू. पुढचे नऊ हप्ते म्हणजे २७ लाख. तुमच्याकडे आहेत १९. बँकेच्या संगणकावर तुमचं खातं उघडं असताना हे त्या मॅडमना दिसत नव्हतं?

घरखर्च महिना २२,०००, ईपीएसचं पेन्शन ३,४००. हापूसचं उत्पन्न (त्याबद्दल पुढे) न धरता वर्षाला सव्वादोन लाख कमी पडतात. १९ लाखांवर सात टक्क्यांनी सव्वा-दीड लाखाच्या मध्ये व्याज येईल. तुटीत हा हप्ता घाला, पॉलिसीतून येणारे साठ हजार वजा करा. पहिल्याच वर्षी मुद्दलातून सव्वातीन लाखांहून जास्त जातील, आणि मुद्दल घटलं की व्याजही घटत जाईल. पाचव्या वर्षी खातं रिकामं. तुमचं वय तेव्हा चौसष्ट, आणि हप्ते अजून चार शिल्लक.

ते साठ हजार म्हणजे काय? तुमच्याच तीन लाखांतले साठ हजार तुम्हाला परत. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, फक्त इथे कोहळा दरवर्षी काढला जातो. वीस वर्षांनी मिळायचे ३६ लाख ऐकायला मोठे वाटतात. सगळं भरलंत आणि सगळं मिळालं तरी परतावा पडतो पावणेचार टक्के. तोही २०४४ च्या डिसेंबरात, तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असताना. साधी एफडी यापेक्षा बरी.

तुमच्या फोटोंमध्ये एक कागद मला फार आवडला. माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला निळ्या पेनाने लिहिलंय: ‘FD’ नव्हे, चक्क मराठीत ‘एफडी, ६०,००० दरवर्षी, ३६ लाख टॅक्स फ्री’, आणि खाली एक मोबाइल नंबर. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा. मॅडमचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका. विमा कंपनीचा खातरजमेचा फोन आला तेव्हा ‘सगळ्याला हो म्हणा’ असं मॅडमनी सांगितलं होतं ना, तेही तारखेसह लिहून काढा.

पॉलिसी परत करायची तीस दिवसांची मुदत केव्हाच गेली. तरी या आठवड्यात दोन गोष्टी करा. एक, खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी लेखी अर्ज देऊन रद्द करा आणि पोच घ्या. तोंडी सांगून भागणार नाही. दोन, विमा कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा: एफडी सांगून पॉलिसी विकली, पूर्ण रक्कम परत हवी. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही.

बँकेत तुम्हाला ठासून सांगतील, ‘दुसरा हप्ता भरल्याशिवाय एक पैसा मिळणार नाही.’ तो नियम जुना झाला. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल आणि पहिलं वर्ष पुरं झालं असेल, तर सरेंडर केल्यावर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच बंद केल्यावर, काही रक्कम मिळते. किती, ते कंपनीकडून लेखी मागवा. पण सरेंडर हा शेवटचा मार्ग, तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्यावर सही करू नका. आणि अगदी तिन्ही लाख बुडाले तरी दुसरा हप्ता भरायचा नाही. ‘आता एवढे भरलेत तर’ हा विचार मनातून काढून टाका.

राहिलेले १९ लाख. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत साठीआधीही घेता आली असती. ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही. येत्या मे महिन्यात साठ पूर्ण होतील, तेव्हा १५ लाख तिथे टाका. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तीन महिन्यांना ३०,७५० येतील. दोन लाख हाताशी आणि उरलेले दोन एफडीत राहू द्या. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा काय लागलं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

गावच्या हापूस कलमांचे तुम्ही वर्षाला ८०,००० धरलेत. कोकणातला माणूस असून! एक अवकाळी पाऊस, एकदा थ्रिप्सची कीड, की मोहोर खाली. ४०,००० धरा. तरी वर्षाला तीसेक हजार कमी पडतील, आणि महागाई आहेच. तीस वर्षं इंजिन उघडलेल्या माणसाला चिपळुणातलं कुठलंही गॅरेज आठवड्यातले तीन दिवस आनंदाने बोलावेल. विचार करा.

आता सहल. जा. ४८,००० नी तुम्ही बुडत नाही, एका हप्त्यात अशा सहा सहली बसतात. फक्त नाताळात जाऊ नका, तेव्हा प्रत्येक जण मागेल तो भाव मिळतो. धामापूरचा तलाव १५३० सालचा आहे, २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळालाय. आठ-पंधरा दिवसांत तो कुठे जात नाही. जानेवारीतला साधा शनिवार-रविवार धरा, २६ जानेवारीची जोडसुट्टी सोडून. एक रात्र धामापूर, एक आंबोली. कुडाळपर्यंत रेल्वेने जा, पुढे तिथली गाडी. २८,००० च्या आसपास भागेल. केबिनचे सगळे पैसे आगाऊ पाठवू नका, आणि बेत रद्द झाला तर किती परत, ते मेसेजवर लिहून घ्या.

एफडी मोडायची गरज नाही. मुलगा निम्मे देतो म्हणतोय आणि ‘मला ते पटत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. देऊ द्या हो त्याला.

आंबोलीला रात्री गारठा असतो, स्वेटर घ्या. आणि पावसाळ्यातल्या व्हिडिओत दिसतो तो धबधबा जानेवारीत नसतो, हे नातवंडांना आधीच सांगून ठेवा.