जितकी काळी फिल्म तितकी गाडी थंड, हे खरे आहे का?

हे खरे नाही. गाडीच्या काचांवर लावायची फिल्म घेताना लोकांची सर्वांत जास्त फसगत याच समजुतीमुळे होते. नव्या गाडीसाठी गडद काळी फिल्म घ्यावी की फिकट पण महाग सिरॅमिक फिल्म घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: सिरॅमिक घ्या, फिकट घ्या आणि काळेपणाचा विचार मनातून काढून टाका. या एका विषयावर माझा थोरल्या भावाशी दीर्घकाळ वाद चालू आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी साधारण निम्मा भाग अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पण उष्णता देणाऱ्या, किरणांचा असतो, चाळीस-पंचेचाळीस टक्के दृश्य प्रकाशाचा, आणि अतिनील किरणांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास असतो. काचेचा काळेपणा हा केवळ दृश्य प्रकाशाचा हिशेब आहे. नुसता रंग दिलेली स्वस्त फिल्म डोळ्यांना दिसणारा उजेड अडवते, मात्र अवरक्त किरणांचा बराच मोठा भाग आत सोडते. सिरॅमिक फिल्ममधले अतिसूक्ष्म कण नेमके हे अवरक्त किरण शोषून घेतात, म्हणून ती जवळजवळ पारदर्शक असूनही उष्णता रोखू शकते.

दादाने गाडी घेतली तेव्हा दुकानात त्याला दिव्याचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले. तापलेल्या दिव्यासमोर फिल्म लावलेली काच धरायची, पलीकडे हात ठेवायचा, आणि हाताला ऊब लागली नाही की फिल्म उत्तम ठरवायची, अशी ही पद्धत. त्या दिव्याची बहुतेक ऊर्जा अवरक्त असते आणि काच तापून आतल्या बाजूला उष्णता सोडू लागेपर्यंत कोणी थांबत नाही, त्यामुळे यावरून उन्हातल्या गाडीविषयी फारच थोडे कळते. मी दादाला तिथेच सांगितले की एकूण सौरऊर्जेपैकी किती टक्के अडते तो आकडा, म्हणजे टीएसईआर, विचार. सिरॅमिकच्या माहितीपत्रकावर अवरक्त किरण नव्वद टक्क्यांहून अधिक अडवल्याचा मोठा आकडा होता, पण असा आकडा पुष्कळदा अवरक्ताच्या एका निवडक पट्ट्यापुरताच मोजलेला असतो. टीएसईआर मात्र तिन्ही प्रकारच्या किरणांचा एकत्र हिशेब देतो. दादाने ऐकले नाही. त्याने सगळ्या खिडक्यांना त्यांच्याकडची सर्वांत काळी साधी फिल्म लावून घेतली आणि पैसे वाचवल्याचे समाधान मानले.

पुढे बाबांच्या गाडीची फिल्म निवडण्याचे काम माझ्याकडे आले. बाबांच्या डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे काचा गडद करण्याचा प्रश्नच नव्हता. मी सत्तर टक्के प्रकाश सोडणारी सिरॅमिक फिल्म लावून घेतली. एका रणरणत्या दुपारी आम्ही दोन्ही गाड्यांतून एकाच ठिकाणी निघालो. आई जाताना दादाच्या गाडीत खिडकीशी बसली होती आणि परतताना बाबांच्या गाडीत त्याच बाजूला बसली. उतरल्यावर ती एवढेच म्हणाली, "तिकडे सावली होती, पण हात भाजत होता. इकडे ऊन दिसत होते, पण चटका नव्हता." फिल्मविषयी याहून नेमके वर्णन मी कुठल्याही माहितीपत्रकात वाचलेले नाही. दादाने मात्र दोन्ही गाड्यांच्या एसीमध्ये फरक असल्याचे कारण दिले.

एसीचा मुद्दा मी क्षणभर मान्य करतो, पण रात्रीचे काय? पावसाळ्यात संध्याकाळनंतर गाडी मागे घेताना दादाला बाजूचा आरसा दिसावा म्हणून खिडकी खाली करावी लागते आणि पाऊस आत येतो. ज्या काचेतून आरसा दिसत नाही, तिच्यातून अंगावर येणारी सायकलही दिसत नाही. मुलाबाळांना घेऊन गाडी चालवणाऱ्या माणसाने ही गोष्ट हलक्यात घ्यावी, हे मला अजूनही समजत नाही. शिवाय काच मुळातच थोडी रंगीत असते. ७५ टक्के प्रकाश सोडणाऱ्या काचेवर ५० टक्क्यांची फिल्म लावली की दोन्ही मिळून ३८ टक्क्यांच्या आसपास प्रकाश उरतो. फिल्मच्या खोक्यावरचा आकडा पाहून निर्णय घेणारे हा गुणाकार विसरतात.

त्वचेसाठी काळी फिल्म हवी, हेही दादाचे म्हणणे आहे आणि तेही चुकीचे आहे. बाजूच्या साध्या काचांमधून अतिनील किरणांपैकी 'अ' प्रकारचे (यूव्हीए) किरण आत येतात, हे खरे आहे. अठ्ठावीस वर्षे ट्रक चालवलेल्या एका माणसाच्या चेहऱ्याची खिडकीकडची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा किती तरी अधिक सुरकुतलेली होती, याचे छायाचित्र २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले होते. परंतु चांगली पूर्ण पारदर्शक फिल्मदेखील ९९ टक्के अतिनील किरण अडवते. त्यासाठी काळा रंग लागत नाही. पुढच्या काचेत दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असल्यामुळे ती बहुतेक अतिनील किरण मुळातच रोखते.

धातूचा थर असलेली फिल्म उष्णता उत्तम परतवते, पण मोबाइल आणि जीपीएसच्या लहरींना अडथळा करू शकते, म्हणून मी ती सुचवत नाही. स्वस्त रंगीत फिल्म उन्हाने जांभळी पडते. दादाची पडली आहे. हे मी समाधानाने लिहीत नाही, कारण ती काढताना मागच्या काचेवरच्या दव घालवणाऱ्या तारा उखडण्याचा धोका आता त्याच्यापुढे आहे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. गाडी तासन्‌तास उन्हात उभी राहिली तर कोणतीही फिल्म तिला थंड ठेवणार नाही. शोषलेल्या उष्णतेचा काही भाग शेवटी आतच येतो, आणि सिरॅमिकचा खरा फायदा गाडी चालू असताना, वारा काचेवरची उष्णता वाहून नेत असताना जाणवतो. किती प्रकाश आत आलाच पाहिजे याचे नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत, पुढच्या आणि बाजूच्या काचांसाठीही वेगळे असू शकतात आणि काही ठिकाणी फिल्मला मुळीच परवानगी नसते, तेव्हा पैसे देण्यापूर्वी ते तपासा. टीएसईआरचा आकडा पाहताना किरण काचेवर सरळ पडत असतानाचा आहे की तिरपे पडत असतानाचा, हे विचारा, कारण तिरप्या कोनातला आकडा मोठा दिसतो. फिल्म लावल्यावर काही दिवस काचा खाली करू नका, तोपर्यंत आत दिसणाऱ्या पाण्याच्या पुसट डागांची काळजी करू नका, आणि पुढेही अमोनिया असलेल्या द्रवाने ती पुसू नका.