मंत्रिमंडळात नेमके कोण बसते?

प्रश्न : जून २०२४ मध्ये केंद्रात शपथविधी झाला तेव्हा ‘७२ जणांचे मंत्रिमंडळ’ असे ऐकले, पुढे मंत्रिमंडळाच्या बैठकीला एवढे मंत्री नसतात असे वाचनात आले. यातले खरे काय? शिवाय दिल्लीत ‘राज्यमंत्री’ कसे, ते तर राज्याचे असायला हवेत, असे माझ्या नववीतल्या मुलीने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : घोळ आपल्या शब्दांमुळे झाला आहे. पंतप्रधानांसह शपथ घेतलेल्या त्या ७२ जणांची मिळून ‘मंत्रिपरिषद’ होते. तिच्यात पंतप्रधान, ३० कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभार असलेले ५ राज्यमंत्री आणि ३६ राज्यमंत्री होते. ‘मंत्रिमंडळ’ म्हणजे कॅबिनेट. ते पंतप्रधान आणि कॅबिनेट दर्जाचे मंत्री एवढ्यांचेच, म्हणजे तेव्हा ३१ जणांचे. मराठी बातम्यांत दोन्हींसाठी सर्रास ‘मंत्रिमंडळ’ हा एकच शब्द वापरला जातो आणि निर्णय नेमका कुठे होतो, हे त्यामुळे झाकले जाते.

मुलीला सांगा की ‘राज्यमंत्री’ हे दर्जाचे नाव आहे. त्यातल्या ‘राज्य’चा महाराष्ट्र किंवा केरळ यांच्याशी संबंध नाही. राज्यमंत्री सहसा एखाद्या कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली काम करतो, त्या खात्याचे नेमून दिलेले विषय पाहतो आणि पुष्कळदा संसदेत प्रश्नांची उत्तरेही देतो. ज्याच्याकडे स्वतंत्र कार्यभार असतो त्याच्यावर मात्र वरचा मंत्री नसतो. तरीही कॅबिनेटच्या बैठकीला तो आपल्या खात्याचा विषय असेल तेव्हा बोलावल्यावरच जातो. कोणते खाते कोणाकडे जावे हे पंतप्रधान ठरवतात आणि त्यांच्या सल्ल्याने राष्ट्रपती तसे वाटप करतात. जे खाते कोणालाच दिलेले नसते, ते पंतप्रधानांकडे राहते. अणुऊर्जा आणि अवकाश हे विभाग तर प्रथेनेच त्यांच्याकडे असतात.

संख्येला मर्यादा आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार पंतप्रधानांसह एकूण मंत्री लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक असू शकत नाहीत. ५४३ सदस्यांच्या सभागृहात ही संख्या ८१ येते.

मुलीला आणखी एक गोष्ट अवश्य सांगा. मूळ संविधानाच्या कलम ७४ आणि ७५ मध्ये मंत्रिपरिषद आहे, कॅबिनेट हा शब्द नाही. तो आला १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, आणीबाणीविषयीच्या कलम ३५२ मध्ये, आणि त्यामागे एक रात्र आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली, ती पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून. कॅबिनेटला ते कळले दुसऱ्या दिवशी सकाळी, बैठकीला बोलावल्यावर. म्हणून आता कॅबिनेटचा निर्णय लेखी कळवला गेल्याशिवाय राष्ट्रपतींना ती घोषणा करता येत नाही. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोलाची तरतूद हीच, कारण एकत्र बसून ठरवण्याची जी रीत गृहीत धरलेली होती, ती इथे कायद्याने बांधून घेतली आहे. इतर बाबतींत मात्र केंद्र सरकारच्या कामकाजाच्या नियमांतला बारावा नियम पंतप्रधानांना आवश्यक वाटल्यास वेगळी वाट धरू देतो. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली ती याच नियमाच्या आधारे. कॅबिनेटची मंजुरी नंतर घेतली गेली.

प्रश्न : एखाद्या मंत्र्याला सरकारचा निर्णय पटला नाही, तर तो तसे जाहीरपणे बोलू शकतो का?

उत्तर : बैठकीत बोलू शकतो, बाहेर नाही. मंत्रिपरिषद लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. त्यामुळे झालेला निर्णय प्रत्येक मंत्र्याचा मानला जातो, मग बैठकीत त्याने कितीही विरोध केलेला असो किंवा राज्यमंत्री म्हणून तो बैठकीत नसलाही. निर्णयाच्या पाठीशी उभे राहणे शक्य नसेल तर राजीनामा द्यावा, असा संकेत आहे. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर पद सोडले. त्याबद्दल लोकसभेत निवेदन करताना निर्णयाइतकाच त्यांनी तो घेण्याच्या पद्धतीवरही आक्षेप घेतला : मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा प्रस्ताव कॅबिनेटपुढे विचाराला आलाच नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. सामुदायिक जबाबदारी मागायची तर विचारही समुदायाने केलेला असला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो.

प्रश्न : संसदेचा सदस्य नसलेली व्यक्ती मंत्री होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकते, पण सहा महिन्यांत कोणत्याही एका सभागृहावर निवडून किंवा नियुक्त होऊन यावे लागते, नाहीतर पद जाते. मंत्र्याला दोन्ही सभागृहांत बोलता येते, मत मात्र तो ज्या सभागृहाचा सदस्य असेल तिथेच देता येते.