‘बहुमताचे राज्य’ म्हणजे कुणाचे?

प्रश्न असा : 1980 साली आफ्रिकेतल्या, गोऱ्यांच्या सत्तेखालच्या ऱ्होडेशियाचा झिंबाब्वे झाला, तेव्हा तिथे ज्याला इंग्रजीत ‘मेजॉरिटी रूल’ म्हणतात ते, म्हणजे ‘बहुमताचे राज्य’ आले म्हणायचे की ‘बहुसंख्याकांचे’?

बहुसंख्याकांचे. बहुमत तर तिथला गोरा पंतप्रधान इयन स्मिथ याच्याकडेही होते, आणि कसले! 1965 मध्ये 65 जणांच्या सभागृहात ‘अ’ मतदारयादीच्या 50 जागा होत्या. पन्नासच्या पन्नास त्याच्या पक्षाने जिंकल्या. फक्त त्या यादीत नाव लागायला उत्पन्न, मालमत्ता आणि शिक्षणाच्या अशा अटी होत्या की यादी जवळजवळ गोऱ्यांचीच उरली, आणि लोकसंख्येत गोरे शेकडा पाचाच्या आसपास. बहुमत मतांचे होते, माणसांचे नव्हते. ‘मेजॉरिटी’ दिसली की डोळे मिटून ‘बहुमत’ लिहिणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

(आणि कृपा करून ‘बहुसंख्यांक’ नको. ‘रूढ झालाय, चालवून घ्या’ म्हणणाऱ्या जाणकारांना विचारा, हा ‘अंक’ कुठून आला? ‘संख्या’च्या बहुव्रीहीला (‘ज्यांची संख्या बहु आहे ते’ अशा समासाला) ‘क’ लागतो आणि त्याआधीचा आ विकल्पाने ऱ्हस्व होतो : बहुमालाक, बहुमालक. तसेच बहुसंख्याक, बहुसंख्यक. हिंदीने ऱ्हस्व घेतला, आपण दीर्घ. अनुस्वार कुणीच घेतला नव्हता.)

खरी गंमत ‘बहुमत’मध्ये आहे. संस्कृतात याचा मतमोजणीशी काही संबंध नाही. ‘मत’ म्हणजे मानलेला; ‘बहुमत’ म्हणजे ज्याला लोक फार मानतात तो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला बजावतो : ‘येषां च त्वं बहुमतो भूत्वा यास्यसि लाघवम्’. ज्यांच्या लेखी तू मोठा होतास, त्यांच्याच नजरेत हलका होशील. (हे लाघव आपल्या ‘लाघवी’तले गोड लाघव नव्हे.)

हा चरण ऱ्होडेशियातले काळे नेते बिशप एबल मुझोरेवा यांना जितका चपखल बसतो तितका क्वचितच कुणाला बसेल. एप्रिल 1979 च्या निवडणुकीत 100 पैकी त्यांच्या पक्षाला 51 जागा. बहुमत! ते पंतप्रधान झाले, देशाचे नाव ‘झिंबाब्वे ऱ्होडेशिया’ पडले. पण 28 जागा गोऱ्यांना राखीव. घटनेची मुख्य कलमे बदलायला 78 मते हवीत आणि काळ्यांच्या जागा 72, म्हणजे गोऱ्यांची सहा मते मिळाल्याशिवाय पान हलायचे नाही. सैन्य, पोलीस आणि न्यायालये गोऱ्यांच्याच हातात. गोऱ्यांच्या राजवटीविरुद्ध जंगलात लढणारे दोन्ही पक्ष, मुगाबेंचा आणि एन्कोमोंचा, निवडणुकीबाहेर.

दहाच महिन्यांनी, लंडनमधल्या लँकेस्टर हाउसच्या करारानंतर, पुन्हा मतदान झाले. गोऱ्यांच्या राखीव जागा आता 20, उरलेल्या 80 सामाईक यादीतून. मुगाबेंच्या पक्षाला 57, एन्कोमोंच्या पक्षाला 20. मुझोरेवांना 3.

51 वरून 3. यास्यसि लाघवम्!