व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलल्या, आता ट्यूनिंग लागेल का?

इंजिनात नुसत्या कडक स्प्रिंग, टायटॅनियम रिटेनर आणि लॉक (स्प्रिंग व्हॉल्व्हला धरून ठेवणारे टोपी आणि खिळे) बसवले असतील तर नाही. इंजिनात जाणारी हवा तेवढीच राहते, त्यामुळे इंधनाचा आणि स्पार्कचा मॅप (कधी किती इंधन, कधी ठिणगी याचा तक्ता) बदलायचं कारणच नाही. फायदा एवढाच की वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगत नाहीत, म्हणजे कॅमच्या मागे पडत नाहीत. रेव्ह लिमिट वाढवायची असेल तर मात्र ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) हात लावावाच लागतो, आणि वाढवलेल्या पट्ट्यातलं इंधन तपासावं लागतं.

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला की गोष्ट वेगळी. ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) वाढला की आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, इनटेकमधला व्हॅक्यूम पडतो. MAP सेन्सरवर (इनटेकमधला दाब मोजणाऱ्या) चालणारी गाडी त्याला जास्त लोड समजते आणि भसाभस पेट्रोल ओतते. शिवाय न जळलेली हवा थेट एक्झॉस्टमध्ये निसटते, ऑक्सिजन सेन्सर ‘लीन’ (इंधन कमी) सांगतो, ईसीयू आणखी इंधन वाढवतो. आयडल डगमगतं, प्लग काळे पडतात. तेव्हा नव्या कॅमचा बेस (सुरुवातीचा) मॅप टाकल्याशिवाय आणि वाइडबँड (हवा-इंधनाचं नेमकं प्रमाण दाखवणारा सेन्सर) लावल्याशिवाय जोर देऊ नका.

ट्यूनरकडे जाण्याआधी इन्स्टॉल्ड हाइट (व्हॉल्व्ह बंद असताना बसवलेल्या स्प्रिंगची उंची) मोजा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असताना कॉइल बाइंडपासून (स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकण्यापासून) साधारण दीड मिलिमीटर अंतर हवं. व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना ते बघायला पिस्टनवर मळलेली क्ले ठेवून इंजिन हातानेच दोन फेरे फिरवा: दबलेला थर इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमीपेक्षा पातळ नको. वाकलेला व्हॉल्व्ह कुठल्याच ट्यूनिंगने सरळ होत नाही.